ज्याचं त्याच्याजवळ

नलूताई कापगते कॉम्प्युटरशी झाडीबोलीत बोलायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. प्रोग्राम अडकला की खुर्ची मागे सरकवून त्या पडद्याकडे बघत म्हणायच्या, "काहून बा, आता काय झालं तुले?" आणि उत्तराची वाट बघत असल्यासारख्या थोडा वेळ गप्प राहायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच विचारताहेत. मी घाईघाईनं म्हटलं, "काही नाही ताई." त्यांनी मान न वळवता सांगितलं, "तुले नाई वं, याले विचारून राहिली."

साकोलीला हायवेवर, पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक माठ. खालून दिवसभर ठोकाठोकीचा आवाज यायचा. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील तिथल्या सरकारी फॅक्टरीत. कॉम्प्युटरची पदवी घेऊन वर्षभर घरी बसले होते, तेव्हा वडिलांच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की साकोलीत एक बाई वेबसाइट बनवून देतात आणि त्यांना हाताखाली माणूस हवा आहे. माझ्या आईला ते खरंच वाटेना. नागपूर सोडून साकोलीत कोण वेबसाइट बनवतं, म्हणून ती स्वतः मला पोहोचवायला आली. परतताना मात्र नलूताईंनी बांधून दिलेल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेऊन, निश्चिंत होऊन गेली.

ताई तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असतील. उंच, सावळ्या, हाडापेरानं मजबूत. अंगावर सुती साडी आणि पायात पुरुषी स्पोर्ट शूज, कारण रोज गावाहून स्कूटीनं यायच्या आणि रस्त्यावर गिट्टी असायची. दाढेखाली लवंग. चष्म्याला दोरी बांधलेली, तरी चष्मा शोधायच्या. दुपारी डबा उघडला की तांदळाच्या पिठाची भाकर आणि जवसाची चटणी. घे म्हणायच्या नाहीत, आग्रह तर नाहीच. आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायच्या आणि दुसरीकडे बघत खायला लागायच्या.

त्याआधी त्या पुण्याच्या एका कंपनीत होत्या, चांगल्या पगारावर. आई गेली, घरी बाबा एकटे राहिले, म्हणून सगळं सोडून परत आल्या. हे त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. लग्न केलं नाही, हे सांगायला तर एक वाक्यही लागलं नाही. मीही विचारलं नाही.

कामं छोटी असायची. शाळेची साइट, राइस मिलची साइट, आंधळगावच्या कोशाच्या रेशमी साड्या विणणाऱ्या बायकांच्या गटाची साइट. ताई प्रत्येक काम असं करायच्या की जणू त्यांच्या स्वतःच्या घरचं आहे. पण काही गोष्टींवर अडून बसायच्या. एकदा एका मिलवाल्यानं सांगितलं की साइटवर येणाऱ्या प्रत्येकाची माहिती त्याला कळेल असं काहीतरी बसवून द्या, पण येणाऱ्याला ते दिसायला नको. तो हे अगदी सहज म्हणाला, चहा पिता पिता. ताईंनी त्याचा चहा संपू दिला. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक आला तं त्याच्या खिशात हात घालता का तुमी?" तो हसला आणि म्हणाला की सगळेच असं करतात. ताई म्हणाल्या, "मंग सगळ्याइकडूनच करून घ्या." त्यानं काम दुसरीकडे दिलं. तरी पुढच्या वर्षीपासून नव्या तांदळाची एक थैली त्याच्याकडून न चुकता यायची. ती का यायची, ते मला कधी समजलं नाही.

"ज्याचं त्याच्याजवळ राहू दे," हे त्यांचं सारखं तोंडी असायचं. पेनापासून प्रोग्रामपर्यंत.

त्यांचा सर्वांत जास्त जीव ज्यात होता, ते काम बिनपैशाचं होतं. गावची साइट. त्यांचं गाव साकोलीपासून आतल्या रस्त्यावर, मोठ्या तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, खाली. पाण्याच्या भरवशावर धान पिकवणारी जुनी घरं. पण घराघरातून कोणी ना कोणी बाहेर गेलेलं. नागपूर, पुणे, सुरत, रायपूर, भिलाई. या बाहेर गेलेल्यांसाठी ताईंनी ती साइट काढली होती. त्यावर रोज सकाळी तलावाचा एक फोटो असायचा. ऑफिसला येताना पाळीवर स्कूटी थांबवून त्या तो काढायच्या. फोटोत माणूस कधी नसायचा. पाणी किती आहे, बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, धान कुठवर आलं आहे, एवढंच. त्याखाली गावातल्या चार बातम्या, आणि खाली एक जागा, 'गावाले निरोप'. तिथे लिहून पाठवलं की सगळ्यांना दिसायचं.

मला पहिलं मोठं काम मिळालं ते या साइटचं. येणाऱ्यानं एकदा आपलं नाव, मोहल्ला, अक्षरं किती मोठी हवीत हे सांगितलं की पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं नाही. शिवाय निरोप लिहिता लिहिता नेट गेलं तर लिहिलेलं वाया जायला नको. सरळ मार्ग होता, प्रत्येकाचं खातं उघडायचं आणि सगळं आपल्या सर्व्हरवर साठवायचं. मी तसंच सुचवलं. ताईंनी मान हलवली. आपला सर्व्हर भाड्याचा, लहान, हे एक कारण त्यांनी सांगितलं. दुसरं कारण नंतर सांगितलं. गाव सोडून कोण कुठे गेलं, कोण रोज तलाव बघायला येतं, याची नोंद कुणाकडेच असायला नको होती. त्यांच्याकडेसुद्धा नाही.

म्हणून सगळं कुकीत ठेवायचं ठरलं. कुकी म्हणजे आपल्या साइटनं समोरच्याच्या ब्राउझरजवळ ठेवायला दिलेलं एक छोटं पाकीट. ते त्याच्याच मोबाइलमध्ये राहतं. तो पुन्हा आला की ब्राउझर ते पाकीट पुढे करतो, सर्व्हर ते उघडून बघतो आणि त्याला ओळखीचं पान दाखवतो. काम झालं की विसरतो. पण नाव, मोहल्ला, अर्धा निरोप असं सगळं एकत्र बांधलेलं ऑब्जेक्ट जसंच्या तसं पाकिटात बसत नाही. ते आधी एका सरळ ओळीत उतरवावं लागतं. आम्ही कोड लिहायचो त्या पीएचपी भाषेत तशी सोय होती.

"तुमच्या क्वार्टरमधून लोक बदलीवर जात तवा पलंग कसा नेत?" ताईंनी विचारलं.

मी म्हटलं, खोलून. पाय वेगळे, फळ्या वेगळ्या.

"आन तिकडं गेल्यावर?"

"पुन्हा जोडायचा."

"हेच करायचं हाय. आपला पीएचपी खोलते, ओळीनं रचते, धाडते. परत आलं का जोडते." मग लवंग दुसऱ्या गालात सरकवून म्हणाल्या, "सिरियलाइझ म्हणते त्याले. नावाले घाबरू नको."

मी घाबरले नाही, उलट इतका उत्साह आला की आदल्या दिवशीचा तलावाचा फोटोही त्या ऑब्जेक्टमध्ये कोंबला. पाकीट एवढंसं, चार किलोबाइटचं. साइट कुणाचीच ओळख धरीना. ताईंनी माझा कोड मोठ्यानं वाचला, जसा कुणी पोथी वाचावी तसा, आणि फोटोच्या ओळीशी थांबून हसू लागल्या. "अवं, पाकिटात तलाव भरून राहिली काय तू?" त्यानंतर महिनाभर माझं नाव तलावभर्ती होतं.

साइट सुरू झाली. पहिल्या पानावर ताईंनी आपल्या बोलीत लिहिलं होतं, 'तुमी काय पाहता, काय लिहता, ते तुमच्याजवळच राहते. आमी पाहत नाई.' सुरतेहून, पुण्याहून निरोप येऊ लागले. कुणी विचारायचं, तलावात कमळं आली का. कुणी नुसतं लिहायचं, 'आज पाहला. बरं वाटलं.' ताई ते वाचायच्या आणि कधी कधी, सगळे वाचून झाल्यावर, पान पुन्हा वरपासून खाली न्यायच्या. काही शोधत असल्यासारख्या.

त्या काय शोधतात हे मला त्यांच्याच गावच्या एका बाईकडून कळलं. ताईंना एक धाकटा भाऊ होता, मोरेश्वर. आई पोटाच्या दुखण्यानं आजारी पडली ते दिवस रोवण्याचे, म्हणजे भाताच्या लावणीचे होते. मोरेश्वर म्हणत होता, आजच नागपूरला नेऊ. बाबा म्हणाले, चार दिवसांत रोवणा उरकतो, बाया पुन्हा मिळायच्या नाहीत, मग नेऊ. रोवणा उरकला आणि आई गावातच गेली. दहाव्याच्या दिवशी, भर माणसांत, मोरेश्वर बापाला म्हणाला, "तुमचा रोवणा झाला. माही माय गेली." त्याच संध्याकाळी बस धरून रायपूरला निघून गेला. तिथे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, हे सगळं कुणाकुणाकडून घरी कळत गेलं. तो बाबांशी बोलत नव्हता आणि बाबांजवळ राहते म्हणून ताईंचाही फोन घेत नव्हता.

मी नंतर एकदा धीर करून ताईंजवळ विषय काढला. म्हटलं, "ताई, एक ओळ टाकली की झालं. पाकीट उघडतं तेव्हा नाव आपल्या सर्व्हरकडे येतंच. ते फक्त लिहून ठेवायचं. मोरेश्वरभाऊ साइट बघतात का, ते तुम्हाला कळेल."

खाली मोटार सुरू झाली, बंद झाली.

"कळंल तं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मंग बाकीच्याइचं बी कळंल. आन मी लिहून ठेवलं हाय का आमी पाहत नाई." त्यांनी चष्मा लावला आणि कामाला लागल्या. तो विषय मी पुन्हा काढला नाही. पण त्या दिवसापासून त्या निरोपांचं पान वर-खाली करू लागल्या की मी उठून माठाकडे जायचे.

साधारण वर्षभर असं चाललं. मग एका सकाळी मी ऑफिसला पोहोचले तर ताई खुर्चीत अगदी सरळ बसलेल्या होत्या. कॉम्प्युटरशी बोलत नव्हत्या. त्यांनी इंटरनेटवर कुणाचं तरी लिहिलेलं वाचलं होतं आणि आपली चूक त्यांच्या लक्षात आली होती. पाकीट समोरच्याजवळ राहतं, म्हणजे तो ते उघडू शकतो, बदलू शकतो. आणि आपण मात्र ते डोळे मिटून उघडतो, आत जे सापडेल ते जोडतो. कुणी वाईट बुद्धीनं त्यात भलतंच काही रचून पाठवलं, तर आपला सर्व्हर ते मुकाट्यानं उभं करील आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे वागेल.

"बाहेरून आलेलं गाठोडं आपण घरात नेऊन खोलून राहिलो," त्या म्हणाल्या. "आन मी वर्षभर तुले हेच शिकवून राहिली."

कुणी काही केलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. पण ताईंनी त्याच दिवशी साइट बंद केली आणि पानावर लिहिलं, 'चूक माही हाय. दुरुस्त करून राहिली. तुमचं कोणाचं काई गेलं नाई. नलू.' मग फोन घेऊन बसल्या. आंधळगावच्या साड्यांच्या साइटवरची खरेदीची टोपलीही त्याच पद्धतीनं बांधलेली होती, आणखी दोघांची कामंही. प्रत्येकाला त्यांनी स्वतः सांगितलं, काय चुकलं, काय होऊ शकलं असतं आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील. एकानं काम काढून घेतलं. आंधळगावच्या बाईंनी विचारलं, विणकाम थांबवू का? ताई म्हणाल्या, विणकाम कशाला थांबवता, माझं विणकाम उसवलं आहे, तुमचं नाही.

दुरुस्ती अशी होती. पाकीट देताना सर्व्हरनं त्यावर आपली मोहर मारायची. मोहर आतल्या मजकुरावरून आणि फक्त सर्व्हरला ठाऊक असलेल्या एका गुप्त शब्दावरून बनते. आत एक अक्षर जरी कुणी बदललं तरी मोहर जुळत नाही, आणि न जुळलेलं पाकीट उघडायचंच नाही. काम चांगलं झालं. पण आधीच बाहेर गेलेल्या पाकिटांवर मोहर नव्हती. ती सगळी आता नाकारली जाणार होती. साइट बंद दिसली तरी ती उघडणाऱ्याचं पाकीट सर्व्हरकडे येतच होतं. अशी किती परत येतात हे बघावं म्हणून ताईंनी नाकारलेलं प्रत्येक पाकीट दोन दिवसांसाठी सर्व्हरच्या चुकांच्या नोंदीत उतरवून ठेवलं. पाकिटाबरोबर आतला मजकूरही तिथे येणार, हे त्या गडबडीत त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ती नोंद उघडली. मी शेजारीच होते. कंस, आकडे, ठिपके आणि त्यामध्ये अडकलेली मराठी अक्षरं. त्या बोटानं मोजत खाली जात होत्या आणि बोट थांबलं.

नावाच्या जागी होतं, मोऱ्या.

मोरेश्वरला मोऱ्या म्हणणारा माणूस जगात एकच होता, त्याचा बाप. आणि निरोपाच्या जागी, कधी न पाठवलेलं, अर्धं राहिलेलं वाक्य होतं. 'बाबाच्या डोळ्याचं आपरेशन झालं म्हणते. दिसते का आता त्याइले'

पुढे काही नव्हतं.

ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला नाही. हातातच धरून बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना आणि उठवेनाही. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ही नोंद पुसून टाक. सगळी. आन ते लिहून ठेवायची ओळ बी काढ."

मी पुसली. मग न राहवून म्हटलं, "ताई, आता तरी फोन करा."

"काय म्हणून करू?" त्यांचा आवाज अगदी हळू होता. "तुहं न धाडलेलं वाचलं म्हणून?"

"पण त्यांनी लिहिलं तर होतं."

"लिहिलं. धाडलं नाई. ते त्याचं हाय."

पुढचे दोन दिवस त्या एकाच गोष्टीवर बसल्या. जुनी, बिनमोहरेची पाकिटं उघडणं धोक्याचं होतं, आणि फेकून दिली तर ते अर्धं वाक्य कायमचं गेलं असतं. त्यांनी वेगळाच रस्ता काढला. पाकीट खोलायचं नाही, आतलं काही जोडायचं नाही, फक्त वरवर वाचून नाव, मोहल्ला आणि निरोपाची अक्षरं तेवढी उचलायची आणि नव्या, मोहरबंद पाकिटात घालून परत द्यायची. हे सगळं त्यांनी तपासून तपासून केलं. "पुन्हा आला तं त्याचं लिहिलेलं त्याले तिथंच दिसलं पायजे," एवढंच बोलल्या.

साइट पुन्हा सुरू झाली त्या सकाळी तलावाच्या फोटोत माणूस होता. पाळीवर बाबा उभे होते. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, हातात काठी, मागे पाणी. फोटोखाली काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ताईंकडे बघितलं.

"त्यानं मले काई विचारलं नाई," त्या म्हणाल्या. "पण माह्या बापाचा फोटो काढाले मले कोण मना करते?"

दुसऱ्या दिवशीही बाबा होते, तिसऱ्या दिवशीही. सुरतेहून कुणीतरी निरोप पाठवला की कापगते बुढा अजून ताठ उभा राहतो. ताई सांगायच्या की रोज सकाळी बाबांना पाळीपर्यंत आणणं म्हणजे बैल पाण्यात घालण्यासारखं आहे. ते कुरकुर करायचे, हे काय लावलं म्हणायचे. ताई त्यांना एवढंच सांगायच्या की गावचे बाहेर गेलेले लोक बघतात.

मग एक दिवस ऑफिसात आल्या त्या शूज न काढताच खुर्चीत बसल्या. कॉम्प्युटर सुरू केला नाही. म्हणाल्या, आज बाबा हाक मारायच्या आधीच तयार होते. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा दुपट्टा. पाळीवर उभे राहिले आणि फोटो काढून झाल्यावर तिथेच थांबून त्यांनी विचारलं, "हे रायपुरात बी दिसते काय?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"दिसते म्हटलं. आनखी काय सांगू?"

त्यानंतर किती दिवस गेले आठवत नाही. धान पोटरीला आलं होतं, लोंब्या सुटायच्या बेतात होत्या, फोटोत हिरवा रंग गच्च भरलेला असायचा. दुपारची वेळ, ताई भाकर मोडत होत्या, मी निरोपांचं पान उघडलं आणि त्यांना काही न बोलता पडदा त्यांच्याकडे वळवला. बिननावाचा एकच निरोप होता. 'बाबाचा चष्मा तिरपा हाय. सरळ करून द्या.'

ताईंनी तो वाचला. हातातला घास डब्यात परत ठेवला. त्या हसल्या असं मला वाटलं, पण तोंड वळवून त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या स्कूटीची चावी घेण्यापुरत्या. घरी काय झालं ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी निरोप वाचून दाखवला. बाबांनी चष्मा काढला, हातानं चाचपून बघितला, पुन्हा लावला आणि विचारलं, "आता झाला का सरळ?" मग म्हणाले, उद्या लवकर फोटो काढ.

दिवाळीनंतरच्या मंडईला मोरेश्वर आला. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा भरते, रात्री दंडारीचं लोकनाट्य असतं, बाहेरचे सगळे येतात. ताईंनी मलाही बोलावलं होतं. अंगण माणसांनी भरलेलं होतं, तेवढ्यात फाटकाशी एक उंच माणूस दिसला, बरोबर बायको आणि हात धरलेली लहान मुलगी. बाबा ओट्यावर होते. त्यांनी मान वर केली, बघितलं आणि म्हणाले, "हातपाय धुवा. पाणी तापलं हाय." मोरेश्वर आत गेला. ताई चुलीपाशी होत्या. त्यांनी त्याच्या ताटात भात वाढला आणि न विचारता पुन्हा वाढला. पाकिटाचं त्यांनी त्याला तेव्हाही सांगितलं नाही, पुढेही नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक बांध्या बघायला गेले. तिथे बाबा त्याला म्हणाले, "चुकलो मी तवा." हे मोरेश्वरनं ताईंना सांगितलं, ताईंनी मला. सांगताना त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मला पुढे नागपूरला नोकरी लागली. अर्ज ताईंनीच भरायला लावला होता. आता मी ज्या कंपनीत आहे तिथे साइटवर कोण कधी आलं, कुठे थांबलं, काय लिहून पुसलं, सगळं साठवलं जातं. त्याच्यावर बैठका होतात. मी त्या बैठकांना बसते. माझ्या शेजारी कुणी कॉम्प्युटरशी बोलत नाही. कधी कधी एखादा प्रोग्राम अडकतो आणि मी खुर्ची मागे सरकवते, तोंडातून शब्द निघत नाही.

बाबा गेले ते चांगले म्हातारे होऊन, मोरेश्वरच्या मांडीवर डोकं ठेवून. ताई तीन वर्षांनी आजारी पडल्या. पोटाचंच दुखणं. मोरेश्वरला कळलं तेव्हा तो गावी रोवण्यासाठी आलेला होता. अर्धा रोवणा तसाच सोडून तो त्यांना रायपूरला घेऊन गेला. उपचार झाले, मधे त्या बऱ्याही झाल्या, काही महिने गावी येऊन राहिल्या. मग पुन्हा गेल्या आणि परत आल्या नाहीत. मला बातमी फोनवर कळली, सगळं आटोपल्यावर. साइट त्यांनी आधीच बंद केली होती. लोक आता मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये फोटो बघतात म्हणाल्या, आणि त्याची गरजही उरली नाही म्हणाल्या. मी चालवते म्हटलं होतं. त्यांनी हसून विषय बदलला. तो पत्ता मी अजून कधीमधी टाइप करते. पान सापडत नाही असं येतं.

त्यांना शेवटचं बघितलं ते त्या मधल्या महिन्यांत. मी दिवसभरासाठी गावी गेले होते. खूप बारीक झाल्या होत्या, पण शूज घालून स्कूटीवर मला हायवेपर्यंत पोहोचवायला आल्याच. वाटेत माझ्या नवऱ्याची, त्याच्या आईची, माझ्या पगाराची चौकशी केली. बस आली तेव्हा रस्त्यात पुढे होऊन त्यांनीच हात दाखवला आणि कंडक्टरला बजावलं, "पोरीले बसाले जागा द्या, नागपूरले चालली." त्या पोरीचे केस तोवर पिकायला लागले होते. मला मागे खिडकीची जागा मिळाली. स्कूटी रस्त्याच्या पलीकडे होती. त्या अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकावर थांबल्या, वळल्या आणि डोळ्यांवर हात धरून बसच्या खिडक्या न्याहाळू लागल्या. चष्मा गळ्यात लोंबत होता. मी हाक मारली, ती ट्रकांच्या आवाजात पोहोचली नाही. मग त्यांना मी सापडले असं वाटलं आणि त्यांनी हात हलवायला सुरुवात केली, माझ्या पुढच्या तिसऱ्या खिडकीकडे बघत. तिथे कुणी अनोळखी म्हातारा बसला होता. त्यानं क्षणभर इकडेतिकडे बघितलं, मग हात बाहेर काढला आणि सावकाश हलवला. ताईंचा चेहरा उजळला. बस निघाली तरी त्या त्याच खिडकीकडे बघून हात हलवत होत्या.